आधी पत्रा, मग पिकअप

वाचकाचं पत्र:

मी मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहतो. आमच्या रस्त्यावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी त्यांची १९७० सालची हिरवी एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार मला जवळजवळ भेट म्हणावी अशा किमतीत दिली. बरीच वर्षं ती गॅरेजात उभी होती. सुरू होते, चालते, पण चार तक्रारी आहेत. टाकी भरली की आत पेट्रोलचा वास येतो. रात्री दिवे मिणमिणतात. तापली की सिग्नलला बंद पडते आणि दहा मिनिटं सुरू होत नाही. मोटरवेवर ७० मैलांच्या वेगाला इंजिन नुसतं ओरडतं. मी चार हजार पौंड बाजूला काढलेत आणि यादी केली आहे: वेबर कार्बोरेटर, पाच गिअरचा गिअरबॉक्स, स्पोर्ट्‌स एक्झॉस्ट, अलॉय व्हील, पॉलियुरेथिनचे बुश, इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मित्र म्हणतो, हे सगळं सोड आणि इलेक्ट्रिक करून टाक. बायको म्हणते, विकून टाक. आमच्या सहा वर्षांच्या मुलीला ती या गाडीत बसूच देत नाही. जूनमध्ये बाबा येतायत. त्यांनी वीस-बावीस वर्षं ॲम्बॅसेडर वापरली, स्वतःच्या हातानं दुरुस्तही केली. त्यांना या गाडीतून फिरवायचं आहे. सुरुवात कुठून करू?

– हिरवी जीटी, कॉव्हेंट्री

उत्तर:

अभिनंदन! ट्रायम्फ मोटारींच्या गावात राहून एमजी पाळायची म्हणजे टोमणे ऐकण्याची तयारी हवी, पण गाडी चांगली निवडलीत. निवडलीत म्हणण्यापेक्षा तिनंच तुम्हाला निवडलं. आणि भारतातल्या भावंडांना फोटो पाठवाल तेव्हा ‘एमजी म्हणजे ती हेक्टरवाली ना?’ हा प्रश्न येणारच. नाव तेच आहे, गाडी मात्र ॲबिंग्डनच्या त्या कारखान्यातली आहे, जो १९८० साली बंद झाला.

आता तुमच्या यादीकडे येतो. तक्रारी चार आणि खरेदी सहा, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचा. वेबरनं पेट्रोलचा वास जाणार नाही, अलॉयनं दिवे उजळणार नाहीत, एक्झॉस्टनं सिग्नलला गाडी बंद पडायची थांबणार नाही, उलट बंद पडण्यापूर्वीचा आवाज तेवढा भारदस्त होईल. सहांपैकी एक वस्तू तुमच्या कामाची आहे, एक कदाचित तुमच्याकडे आधीपासूनच आहे, आणि बाकीच्यांची आज गरज नाही.

सगळ्यात आधी पेट्रोल. हे काम जूनपर्यंतचं नाही, या शनिवारचं आहे, आणि ते होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. टाकी अर्धी असताना वास येतो का ते आठवून बघा. फक्त फुल केल्यावर येत असेल तर नव्वद टक्के टाकीच्या वरच्या पत्र्याला बारीक भोकं पडली आहेत. एमजीबीची टाकी डिकीच्या तळाला खालून बोल्टांनी घट्ट बसवलेली असते. तळ आणि टाकी यांच्या फटीत रस्त्यावरचा ओला चिखल आणि मीठ जाऊन बसतं, आणि टाकी वरून गंजते. खालून बघाल तर काळा रंग शाबूत, सगळं छान. त्या फटीत बोट जात नाही म्हणून कोणी बघतही नाही. पेट्रोल वरपर्यंत आलं आणि वळणावर हिंदकळलं की भोकांतून बाहेर येतं आणि वास डिकीतून थेट मागच्या सीटवर. टाकीला ठिगळ लावत बसू नका, नवी मिळते ती घ्या आणि बसवण्याआधी वरच्या बाजूला गंजरोधक नीट फासा. जुनी टाकी उतरवायची तर ती आधी रिकामी करा, मोकळ्या हवेत, बॅटरी सोडवून. हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहितो.

टाकी उतरली आहे तोवर पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ चं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही. पाइप फुगतात, मऊ पडतात, त्यांना चिरा जातात. नवे पाइप घेताना त्यावर आर-९ छापलेलं आहे का ते वाचून घ्या, आणि पंपावर महागडं सुपर, म्हणजे ई-५, तेच भरा. वर्षाला जेवढे मैल ही गाडी धावणार त्यात फरक फारसा पडत नाही.

पाइपांबरोबर पेट्रोलचा पंपही ऐकून घ्या. हो, ऐकून. एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, गाडीच्या पोटाखाली असतो. किल्ली फिरवली की तो टकटक-टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की गप्प होतो. इंजिन बंद असताना टकटक थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी वाहतंय, किंवा कार्बोरेटरच्या फ्लोटची सुई नीट बसत नाहीये. आणि किल्ली फिरवूनही टकटक आलीच नाही, तर बहुधा आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क, जळालेत. पूर्वीचे मेकॅनिक अशा वेळी पान्यानं पंपावर एक टोला मारायचे आणि गाडी घरी न्यायचे. घरी पोचण्यापुरतं ते चालतं.

यानंतर पत्रा, आणि तुमच्या पैशांचा सगळ्यात मोठा वाटा इथेच ठेवा. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. गाडीचा भार दारांखालच्या दोन पोकळ पेट्यांवर असतो, ज्यांना इथे सिल म्हणतात. त्या एका पत्र्याच्या नसतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधला पडदा आणि खाली कॅसल रेल, असं ते एकत्र वेल्ड केलेलं असतं. गंज आतून सुरू होतो. बाहेरून दिसेपर्यंत आतलं बरंच काही गेलेलं असतं. आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत बऱ्याच एमजीबींवर एक उद्योग झालेला आहे: सडक्या सिलवर नवा पत्रा नुसता चिकटवायचा, वर लांबी (पुट्टी) भरायची, रंग मारायचा. फुटक्या भिंतीवर वॉलपेपर लावावा तसं. तपासणीत पास व्हायचं, विकायचं, मोकळं व्हायचं.

तुमच्या गाडीचं काय आहे ते तुम्हीच बघू शकता. एक साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मग दार उघडझाप करून दाराच्या मागच्या कडेची फट बघा. ती वर आणि खाली सारखी आहे का? आता गाडी सिलच्या मध्याजवळ जॅकवर हळूहळू घ्या आणि पुन्हा ती फट बघा. जॅकबरोबर फट हलली, दार अडकायला लागलं, तर सिल गेलं आहे. जॅक वर जातोय आणि गाडी जागची हलत नाही, उलट कुरकुर असा आवाज येतोय, तर पुढचं बघायचीही गरज नाही, जॅक उतरवा.

आणखी एक खूण. खरं सिल पुढच्या मडगार्डच्या खालच्या भागामागून पुढे जातं आणि मागेही तसंच. म्हणून सिल नीट बदलायचं तर मडगार्डचा खालचा तुकडा कापावा लागतो. ज्या कारागिरानं ‘मडगार्डला हात न लावता करून देतो’ असं सांगितलं, त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि जो कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडव्या पट्ट्या वेल्ड करून गाडीला आधार द्यायचं बोलतो, तो माणूस बरोबर आहे. जीटीला वर छत असल्यामुळे उघड्या रोडस्टरइतकी ती वाकत नाही. पण त्या छताच्या भरवशावर राहून दोन्ही सिल एकदम कापू नयेत.

दोन्ही बाजूंचं सिल व्यवस्थित करायचं म्हटलं तर चांगल्या वर्कशॉपमध्ये तुमच्या चार हजारांतला मोठा घास त्यातच जाईल. म्हणून म्हणतो, वेबरचं नाव आत्ता काढू नका. सुदैवानं सिल शाबूत निघाली तर पोकळ्यांमध्ये मेण फवारून घ्या, वॅक्सॉइल किंवा तत्सम, उन्हाळ्यात, गाडी कोरडी असताना. ओल्या पत्र्यावर मेण मारलं की ओल आत कोंडते.

सुट्या भागांची काळजी करू नका. १९६२ ते १९८० दरम्यान पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, आणि १९८८ पासून तर मूळ साच्यांवर दाबलेली अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. अशी सोय फार थोड्या जुन्या गाड्यांना आहे. मडगार्डपासून दाराच्या मुठीपर्यंत सगळं घरपोच येतं. त्यातला नेमका दर्जेदार भाग कोणता हे ओळखणं तेवढं कठीण. स्वस्तातल्या कंडेन्सर आणि रोटर आर्म या ठिणगीच्या यंत्रणेतल्या भागांबद्दल एमजीवाले एकत्र जमले की अर्धा तास शिव्या देतात, आणि ते योग्यच आहे.

तिथून तुमच्या तिसऱ्या तक्रारीवर येऊ. तापल्यावर बंद पडणं आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू होणं. इथे बहुतेक जण स्क्रू ड्रायव्हर घेऊन थेट कार्बोरेटरवर तुटून पडतात. तुम्ही तसं करू नका. कार्बोरेटरचा म्हणून जो बिघाड वाटतो तो बऱ्याचदा इग्निशनचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचा, निघतो. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की बाजूला घ्या, किल्ली फिरवा, पंपाची टकटक ऐका. मग एक प्लग काढून त्याच्या वायरीला लावा, प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकवा आणि कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. (प्लगचं भोक फडक्यानं झाका, पेट्रोल आणि ठिणगी एकत्र नको.) ठिणगी नाही किंवा पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. ठिणगी निळी आणि जोरदार असेल तरच पेट्रोलकडे वळा.

कॉइलबद्दल एक गोष्ट खास बघा. तुमच्या १९७० च्या गाडीला साधी १२ व्होल्टची कॉइल लागते, जिचा रोध मल्टिमीटरवर ३ ओहमच्या आसपास येतो. नंतरच्या, काळे रबरी बंपर आलेल्या गाड्यांना वेगळी, दीड ओहमची कॉइल असते, आणि तिच्या जोडीला एक रोध बसवलेला असतो. या गाडीची कॉइल त्या गाडीला असं कोणीतरी कधीतरी केलेलं असतं. दीड ओहमची कॉइल तुमच्या गाडीत बसली तर जास्त करंट ओढते, भाजून निघते, आणि तापल्यावर राम म्हणते. थंड झाली की पुन्हा जिवंत. तुमच्या वर्णनाशी हे इतकं जुळतं की सगळ्यात आधी मी तेच मोजीन.

तुमच्या यादीतलं इलेक्ट्रॉनिक इग्निशन मला मान्य आहे ते इथे. पॉइंट आणि कंडेन्सर काढून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसणारं छोटं मॉड्यूल घ्या. बाहेरून काही दिसत नाही, किंमत बेताची. जुने पॉइंट आणि कंडेन्सर मात्र फेकू नका, डबीत घालून गाडीतच ठेवा. मॉड्यूल जातं तेव्हा ते न सांगता जातं, आणि रस्त्याकडेला दुरुस्त होत नाही. पॉइंट मात्र नखानं साफ करूनही घरी आणता येतात.

इग्निशन झालं की मग ट्यूनिंग. क्रम असा ठेवा: टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारी यंत्रणा), प्लग, टायमिंग (ठिणगीची वेळ), आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर. थंड इंजिनात टॅपेटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५. तुमचे दोन एसयू कार्बोरेटर म्हणजे इंग्रजांनी केलेल्या फार शहाण्या वस्तूंपैकी एक. इंजिन जितकी हवा ओढेल तितकं आतलं पिस्टन वर उचललं जातं, आणि त्याला लावलेली निमुळती सुई तेवढंच पेट्रोल सोडते. वेगवेगळे जेट नाहीत, पिकअपसाठी वेगळा पंप नाही. त्याच्या वरच्या टोपीतली दांडी काढून तेल आहे का बघा. तिथे इंजिनाचंच तेल चालतं, आणि ते संपलं की पिकअप घेताना गाडी अडखळते. मिश्रण बरोबर आहे का हे बघायला कार्बोरेटरच्या बाजूला खालून एक छोटी पिन असते. ती बोटानं अगदी किंचित, मिलिमीटरभरही नाही, वर ढकला. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन धापा टाकत बंद पडायला लागलं तर कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर बरोबर. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतायत का हे बघायला रबराची नळी कानाला लावून दोन्ही तोंडांवरचा सूं-सूं आवाज जुळवा. यासाठी उपकरणंही मिळतात. नळी फुकट आहे.

एवढं करूनही आयडलिंग जमत नसेल तर थ्रॉटलचा दांडा हलवून बघा. तो झिजून खिळखिळा झाला असेल तर तिथून हवा आत शिरते, आणि कितीही स्क्रू पिळले तरी काही होत नाही. त्यावर उपाय ओव्हरहॉल, वेबर नव्हे. वेबर ट्रॅकवर शोभतो. कॉव्हेंट्रीच्या रिंग रोडवर तो फक्त पेट्रोल पितो.

टॅपेटवरून एक आठवलं. ब्रिटनमध्ये शिसं घातलेलं पेट्रोल २००० सालच्या सुरुवातीला विक्रीतून गेलं. जुन्या हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, व्हॉल्व्ह बसतात त्या जागा शिशाशिवाय हळूहळू झिजतात आणि व्हॉल्व्ह आत रुतत जातो. तुमच्या हेडमध्ये कडक धातूच्या सीट, म्हणजे व्हॉल्व्हच्या बैठका, घातल्या आहेत का, हे आधीच्या मालकांच्या बिलांत सापडेल. बिलं नसतील तर टॅपेटच सांगतील. दर वेळी तपासताना एक्झॉस्टच्या टॅपेटची फट कमीच झालेली सापडत असेल, तर सीट झिजतायत. तोवर पेट्रोलमध्ये टाकायचं शिशाचं पर्यायी रसायन वापरा आणि हेड उघडायचा योग येईल तेव्हा सीट बसवून घ्या. त्यासाठी मुद्दाम चांगलं चाललेलं इंजिन उघडू नये.

दिवे. या गाड्यांचं सगळं विजेचं सामान ल्युकस कंपनीचं, आणि त्या कंपनीला ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणण्याचा विनोद इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. विनोद मजेदार आहे, पण ल्युकसवर थोडा अन्याय होतो. पन्नास वर्षांच्या वायरीला गंजलेली टोकं असली तर कोणाचेही दिवे मिणमिणतील. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी हेडलाइटच्या टोकावर लावा, दिवे चालू ठेवून. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधे कुठेतरी वीज वाया जातेय. मग अर्थिंगच्या बाजूनं तेच करा. बॉडीला जोडलेली प्रत्येक अर्थ वायर सोडवा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, पुन्हा घट्ट करा, वर व्हॅसलिन. इंजिनापासून बॉडीला येणारी विणलेली पट्टी विशेष बघा. ती तुटलेली असेल तर स्टार्टर मारताना सगळा करंट चोकच्या केबलमधून परतायला बघतो. चोकची केबल हाताला गरम लागली की समजा. तुमच्या गाडीत सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील किंवा त्यांच्या जागी आता एकच असेल. दोन असतील तर त्यांना जोडणाऱ्या केबलची टोकंही साफ करा.

यानंतर हेडलाइटना रिले (थोड्या विजेवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) आणि फ्यूज लावा. मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या आणि डिपरच्या स्विचमधून जातो आणि वाटेत एकही फ्यूज नसतो. रिले लावला की स्विच वाचतात आणि उजेड लगेच वाढलेला दिसतो. मला विचाराल तर पौंडामागे सर्वांत जास्त फायदा देणारी सुधारणा हीच.

आता मोटरवेवरची ओरड. डॅशबोर्डवर किंवा स्टिअरिंगजवळच्या दांडीवर ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरवणाऱ्या जादा गिअरचा, स्विच आहे का? बऱ्याच एमजीबींना लेकॉकचं ओव्हरड्राइव्ह बसवलेलं असतं, जे तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये लागतं. त्याशिवाय ७० मैलांच्या वेगाला इंजिन मिनिटाला ३९०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, ते लागलं की ३२०० वर येतं. स्विच आहे पण दाबून काही होत नाही, अशी स्थिती असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा आतली यंत्रणा ठीक असते आणि गिअरबॉक्सवरचा छोटा स्विच, सोलेनॉइड किंवा त्याची वायर गेलेली असते. तेलही बघा. ओव्हरड्राइव्ह आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात, आणि त्यात इंजिनाचंच २०-डब्ल्यू-५० पडतं. नेहमीच्या सवयीनं कोणी ईपी-९० ओतलं असेल तर बदलून टाका, ते फक्त मागच्या ॲक्सलला. पाच गिअरचा बॉक्स बसतो, लोक बसवतात, आणि ओव्हरड्राइव्ह मुळातच नसेल तर त्याचा विचार पुढच्या वर्षी जरूर करा.

ब्रेकमध्ये तडजोड नको. १९७० च्या इथल्या गाडीत हायड्रॉलिकचं एकच सर्किट आहे, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. उभ्या राहिलेल्या गाडीचे तिन्ही रबरी पाइप न बघता बदला, लोखंडी नळ्या गंजलेल्या असतील तर तांबे-निकेलच्या घाला, मागच्या चाकांचे सिलिंडर ओलसर आहेत का बघा, आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. टायर कितीही गुबगुबीत दिसोत, त्यांच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, आठवडा आणि साल. दहा वर्षांपुढचे असतील तर ते टायर नव्हेत. पुढची चाकं ज्यावर वळतात त्या किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत. चाकं हवेत उचलून ग्रीस मारा, कारण चाक जमिनीवर असताना ग्रीस जिथे जायला हवं तिथे जात नाही. बुश बदलायचेच असतील तर पॉलियुरेथिन राहू द्या, पुढच्या सस्पेन्शनच्या खालच्या विशबोनला व्ही-८ चे बुश घाला. कारखान्यानंच १९७३ ते १९७६ दरम्यान एमजीबी जीटी व्ही-८ काढली होती, तिचे. आवाज करत नाहीत आणि टिकतात. अलॉय तुमच्या यादीत आहेत म्हणून सांगतो: मूळच्या रोस्टाइल चाकांना नवा रंग द्या.

पाने मात्र नवे घ्यावे लागतील. तुमच्या पेटीतले मिलिमीटरचे पाने या गाडीला बसल्यासारखे वाटतात, आणि मग नटाचे कोपरे उडतात. इंचातले घ्या, ७/१६, १/२ आणि ९/१६ आधी. तेवढ्यात अर्धी गाडी उघडते.

इलेक्ट्रिकबद्दल एकच सांगतो: चार हजारांत ते होत नाही, आणि ज्याला इलेक्ट्रिक गाडी हवी आहे त्यानं इलेक्ट्रिक गाडी घ्यावी. कागदपत्रांच्या दृष्टीनंही तुम्ही आज फार सोयीच्या जागी आहात. चाळीस वर्षांवरची गाडी ऐतिहासिक वर्गात नोंदवली की रोड टॅक्स शून्य, लंडनचा किंवा बर्मिंगहॅमचा प्रदूषणाचा आकार नाही. मे २०१८ पासून अशा गाड्यांना एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, हीसुद्धा सक्तीची नाही, मात्र गेल्या तीस वर्षांत गाडीत मूलभूत बदल झालेला नसावा. तरीही तुम्ही एमओटी करून घ्या. पन्नास-पंचावन्न पौंडांत एक त्रयस्थ माणूस तुमच्या गाडीखाली दिवा घेऊन उभा राहतो, आणि त्याला तुमच्या गाडीबद्दल काहीही प्रेम नसतं. विमा ठरीव किमतीचा (गाडीची किंमत आधीच ठरवून केलेला) घ्या, आणि जो बदल कराल तो विमावाल्यांना कळवा, इलेक्ट्रॉनिक इग्निशनसुद्धा.

वहिनींविषयी. पेट्रोलचा वास येणाऱ्या, पट्ट्यांचा पत्ता नसलेल्या मागच्या सीटवर सहा वर्षांच्या मुलीला बसवायचं नाही, हे त्यांचं म्हणणं पूर्णपणे बरोबर आहे, आणि तुम्ही ते ‘विरोध’ या सदरात टाकलंय, ते काढा. टाकी, ब्रेक आणि सिल झाल्यावर मागे सीटबेल्ट बसवून घ्या, नुसते पत्र्यात भोक पाडून नव्हे, मागून जाड पट्टी देऊन, जाणकाराकडून. एमओटीचा कागद त्यांच्या हातात द्या आणि मग मुलीचा विषय काढा. विकण्याचा प्रश्न तोवर लांबणीवर टाकायला त्या तयार होतील असं वाटतं. खर्चाचा हिशेब मात्र दोघांना दिसेल अशा जागी लिहा. या गाडीवाल्यांत बिलं लपवायची एक जुनी प्रथा आहे, आणि ती शेवटी नेहमी सापडतात.

आता बाबा. तुमच्या पत्रातली मला सर्वांत आवडलेली ओळ त्यांच्याबद्दलची. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्यात वर्षानुवर्षं जे पेट्रोल इंजिन होतं ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरीज, १४८९ सीसीचं. तुमच्या एमजीबीतलं १७९८ सीसीचं इंजिन म्हणजे त्याच घराण्यातलं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवलेलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तर दोन्हींचा एकच, ८८.९ मिलिमीटर. बॉनेट उघडलंत की त्यांना रॉकर कव्हर ओळखीचं वाटेल, टॅपेट कुठून सेट करायचे ते सांगावं लागणार नाही, आणि एसयू कार्बोरेटरची पिन कुठे आहे हे तुमच्याआधी त्यांचं बोट शोधेल. म्हणून टाकी, ब्रेक, वायरिंग आणि पत्रा मे अखेरपर्यंत उरका, पण ट्यूनिंग मुद्दाम शिल्लक ठेवा. एक मोकळा रविवार, फट मोजायच्या पात्यांचं फीलर गेज, रबराची नळी आणि चहा. एखाद्या दिवशी त्यांना गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्येही न्या, तुमच्यापासून लांब नाही. तिथल्या हेरिटेज ट्रस्टकडून तुमच्या गाडीचं प्रमाणपत्र मागवता येतं: कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग कोणता, कोणत्या सोयी लावून कारखान्यातून बाहेर पडली. हिरवा रंग मूळचा आहे का आणि ओव्हरड्राइव्ह तिला जन्मापासून होतं का, हे त्यात कळेल, म्हणून अर्ज आत्ताच करा.

फक्त एक करा. घराणं एकच म्हटल्यावर सांगलीहून पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट आणायचा उत्साह त्यांना येईल. ॲम्बॅसेडरचा बोअर ७३ मिलिमीटरचा, तुमचा ८० च्या वर. त्यातलं काही बसणार नाही, तेव्हा फोनवर आधीच सांगून ठेवा.